उंबऱ्यापासून मोजलेले तास

साताऱ्यात प्रवासी विमानतळ नाही. तरीही पोवई नाक्याजवळच्या आमच्या छोट्याशा तिकीट कचेरीत दिवसभर विमानांचीच गणितं चालतात. गिऱ्हाईक साताऱ्याचं असतं, तसंच कोरेगाव, कराड, विटा, तासगावचंही. कुणाला लेहला जायचं असतं, कुणाला लंडनला, कुणाला गुवाहाटीला. खुर्चीत बसल्याबसल्या प्रत्येकजण एकच विचारतो, "ताई, किती वेळ लागतो?"

संगणक दोन आकडे लगेच देतो. एक हवेतलं अंतर, दुसरा विमानाचा वेळ. मला मात्र तिसरा आकडा काढावा लागतो, या घराच्या उंबऱ्यापासून त्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचा. तो कुठल्याही तिकिटावर छापलेला नसतो. माणसाची रजा, पैसा, औषधाच्या वेळा, कधीकधी शेवटची भेटसुद्धा त्या तिसऱ्या आकड्यावर ठरते. जानेवारीतल्या एका कामाच्या दिवसाचा हा हिशेब.

पहाटे ५.३०

चहा ठेवायच्या आधी मी दिल्लीचं धुकं बघते. अपशिंगे मिलिटरी या गावचा एक जवान सुट्टी संपवून काल दुपारी तीनला घरून निघाला. पुणे ते दिल्ली हवेतलं अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर, विमानाला दोन तास दहा मिनिटं. दिल्ली ते लेह ६२० किलोमीटर, दीड तासाच्या आत. म्हणजे विमानात जेमतेम साडेतीन तास. पण तो लेहला उतरणार आज सकाळी साडेसातला. घर सोडल्यापासून साडेसोळा तास झालेले असतील, आणि त्यातली जवळजवळ सगळी रात्र दिल्लीच्या टर्मिनलमध्ये बॅग उशाला घेऊन.

रात्रीचं जोडविमान का नाही, असं त्याच्या आईनं मला विचारलं होतं. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरपेक्षा उंच, चहूबाजूंनी डोंगर. ऊन चढलं की दरीत वारा उसळतो, तापलेली विरळ हवा विमानाला नीट उचलून धरत नाही. म्हणून तिथली बहुतेक प्रवासी विमानं सकाळीच येऊन जातात. दिल्लीच्या धुक्यात ती वेळ टळली, तर मुक्काम उद्यावर जातो.

धुक्याचंही एक गणित आहे. योग्य यंत्रणा आणि त्यासाठी तयार केलेला वैमानिक असेल, तर दिल्लीत ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरू शकतं. उडायला मात्र साधारण १२५ मीटर दिसावं लागतं. आज दृश्यमानता बरी आहे. मी त्याच्या आईला निरोप धाडते, "विमान वेळेवर आहे, काकू. उतरल्यावर दोन दिवस त्याला गप्प पडून राहायला सांगा." साताऱ्याची उंची सातशे-साडेसातशे मीटर. एका रात्रीत अडीच हजार मीटर वर गेलेल्या शरीराला स्वतःचा वेळ लागतो. माझ्या वहीत तोही प्रवासाचाच भाग आहे.

सकाळी ७.००

आज दुपारी पुण्याहून उडणाऱ्या दोन कुटुंबांना फोन. पोवई नाका ते लोहगाव विमानतळ साधारण १२० किलोमीटर. आनेवाडीचा टोलनाका, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड-शिवापूर इथपर्यंत अंदाज चुकत नाही. खरी परीक्षा नवले पुलाच्या अलीकडे सुरू होते. देशातल्या विमानाचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. मी त्या बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजते. शहरातल्या गर्दीला सव्वा तास, रस्त्याला दोन तास, पंक्चरला अर्धा तास. "दोनचं विमान आहे, तर नऊलाच निघायचं?" असं विचारतात. निघायचं. तिथे पोचून तासभर बसावं लागलं, तर तो तास वाया गेला असं मी मानत नाही. तिकीट वाचवायला दिलेली ती किंमत आहे.

सकाळी ९.३०

कचेरी उघडते. पहिल्या खुर्चीवर कराडच्या एक आजी, सोबत नातू. मुलगी लंडनला बाळंत होणार आहे आणि आजी पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. त्यांच्यासाठी मी वेळ राखून ठेवलेला आहे.

मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर. जाताना दहा तासांच्या आसपास, येताना नऊच्या आसपास. नातवाला वाटलं की परतीचं तिकीट चुकलं. अंतर तेच, विमान तेच, मग तासभर कुठं गेला? तो वाऱ्यात गेला. विमानं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार होतात. लंडनला जाताना तो वारा समोरून येतो, घरी येताना पाठीशी असतो. म्हणून कंपन्या जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा छापतात. त्या छापील वेळेत धावपट्टीपर्यंत सरकणं आणि उतरून दारापर्यंत जाणंही धरलेलं असतं.

आजींची खरी अडचण घड्याळाची. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची, पोचायची लंडनची. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्यांच्या मनगटावर काट्यांचं घड्याळ होतं. मी म्हटलं, "आजी, हात उलटा करा. बारा खाली, सहा वर. आता जे दिसतंय ती लेकीकडची वेळ." इथे दुपारचा एक वाजला असेल, तर उलट्या घड्याळात साडेसात दिसतात, आणि लंडनमध्ये सकाळचे साडेसातच असतात. मार्चअखेरीस तिकडची घड्याळं तासभर पुढं जातात, मग ही युक्ती चालत नाही. तेही सांगितलं.

मग सामानाची यादी. साताऱ्याहून जाणारं माणूस कंदी पेढे घेतल्याशिवाय निघत नाही. पण आपल्याकडून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. आजींचा चेहरा उतरला. मेथी-डिंकाच्या लाडवांचं काय, हे त्यांनी लगेच विचारलं, आणि लाडू कशाकशाचे आहेत ते आम्ही नीट लिहून काढलं. व्हीलचेअर मागून ठेवली. ती चालता येत नाही म्हणून नाही. हीथ्रोला उतरल्यावर कुणीतरी बरोबर चालणारं हवं म्हणून.

एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ ला मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. आजी आता एका झोपेत जातील. मात्र कराडहून मुंबईपर्यंत सहा तास, विमानतळावर तीन, हवेत दहा, उतरून बाहेर पडायला दीड, लेकीच्या घरापर्यंत एक. साडेएकवीस तास. ते मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या हिशेबानं लागणार आहेत.

सकाळी ११.३०

विट्याकडचं एक गलाई कुटुंब. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. केरळ असो, बंगाल असो, सराफ पेठेच्या एखाद्या गल्लीत विट्याकडचं माणूस भेटतंच. या घरातला थोरला गुवाहाटीला, धाकटा त्रिशूरला. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेला दोघांना एकदम गावी यायचं आहे.

"ताई, दोघं एकाच दिवशी पोचलं पायजेत बघा," वडील म्हणाले.

धाकट्याचं सोपं. त्रिशूरहून कोची गाठायचं; कोची ते पुणे ९७५ किलोमीटर, दोन तासांत काम होतं. थोरल्याचा रस्ता निवडावा लागतो. गुवाहाटी ते पुणे सरळ रेषेत सुमारे २,००० किलोमीटर. कोलकात्यावरून आलं तर ८० किलोमीटरचा फेर पडतो, दिल्लीवरून आलं तर तब्बल ६०० किलोमीटरचा. तरी बऱ्याचदा दिल्लीचं तिकीट स्वस्त मिळतं. ते स्वस्त का, हे गिऱ्हाइकाला सांगणं माझं काम आहे: कारण दिल्लीत पाच तास बसायचं आहे. सोबत दोन लहान मुलं असतील, तर ते पाच तास कुणाच्या खिशातून जातात, हे घरातल्या बाईला विचारावं. मी फोनवर तिलाच विचारलं. ती म्हणाली, "कोलकाता बघा ताई, पैसं असूद्यात." तिकीट कोलकात्यावरून झालं.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घेतली. पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन सुटी तिकिटं शंभर-दोनशेनं स्वस्त पडतात, पण मधला सगळा धोका प्रवाशाच्या डोक्यावर.

वडिलांनी त्यांचे दिवस आठवले. विट्याहून एसटीनं पुण्याला, तिथून आझाद हिंद एक्स्प्रेसनं हावडा, हावड्याला गाडी बदलून पुढं गुवाहाटी. "तिसऱ्या दिशी पोचायचो. आई गेली तवा आलो, ते तेराव्यालाच." त्यांच्या पिढीला घरच्या लग्नातून आणि मयतातून वजा व्हावं लागलं. मुलांच्या तिकिटावरच्या मिनिटांसाठी ते इतके काटेकोर का, हे मला त्या एका वाक्यानं कळलं.

दुपारी १.३०

डबा. भाकरी, घेवड्याची उसळ. खाता खाता लेहचा निरोप येतो: जवान उतरला, मुक्कामी पोचला.

दुपारी २.१५

तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा फोन. दुबईला खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला जायचं आहे. भिंतीवरच्या नकाशावर मी नेहमी दाखवते ते अंतर हेच. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, मुंबई ते गुवाहाटी सुमारे २,०७५. आपल्याच देशातली गुवाहाटी दुबईपेक्षा लांब. वेळ मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, तीन तासांच्या आगेमागे. दुबईला जाताना वारा समोरून येतो, गुवाहाटीला जाताना पाठीमागून.

दुबईच्या तिकिटानं नवखा माणूस हमखास गोंधळतो. मुंबईहून दहाला निघालेलं विमान तिथे पावणेबाराला उतरतं, म्हणजे कागदावर पावणेदोन तास. येताना दहाला निघून अडीचला मुंबईत, म्हणजे साडेचार. दुबईचं घड्याळ दीड तास मागं आहे, एवढाच त्याचा उलगडा. खरा वेळ जाताना सव्वातीन, येताना तीन.

घरातून कसं निघायचं, हा मोठा प्रश्न. तासगावहून मोटारीनं थेट मुंबई गाठायची, की कोल्हापूरला उजळाईवाडीहून मुंबईचं विमान धरायचं? कोल्हापूर-मुंबई हवेत ३१० किलोमीटर, तासाभराचं काम. पण कोल्हापूरपर्यंतचे दोन तास, आधी पोचण्याचा दीड तास आणि मुंबईत पुढच्या विमानासाठी थांबणं धरलं, की फरक फार उरत नाही. तरुणाला मोटार स्वस्त, आणि जोड नीट बसली तर साठीच्या माणसाला विमान सुखाचं. व्यापारी साठीचे आहेत. कोल्हापूर ठरलं.

फोन ठेवता ठेवता त्यांनी नवी मुंबईच्या विमानतळाचं विचारलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. सातारा-सांगलीकडून द्रुतगती मार्गानं जाणाऱ्याला मुंबईच्या पोटात शिरावं लागत नाही. आमच्या बाजूच्या माणसाला त्याचा फायदा त्या गर्दीच्या तासाचा आहे.

संध्याकाळी ५.३०

न्यू जर्सीला शिकायला जाणारा मुलगा, आई-वडिलांसह. मुंबई ते नेवार्क सुमारे १२,५४५ किलोमीटर. वडिलांनी मोबाइलवर एका विमानाचा मार्ग बघितलेला. "अमेरिका पश्चिमेला, मग विमान वर रशियाच्या अंगानं कशाला जातं?"

टेबलावर मी पृथ्वीगोल ठेवला आहे तो यासाठीच. मुलाच्या हातात दोरा दिला. एक टोक मुंबईवर, दुसरं नेवार्कवर, आणि घट्ट ताण म्हटलं. दोरा आपोआप वर सरकला आणि पार आइसलँडजवळून गेला. सपाट नकाशावरची सरळ रेघ गोलावर लांबची पडते. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता हा असा कमानीसारखा दिसतो. मुलानं दोरा नकाशातल्या सरळ रेघेवरून फिरवून पाहिला, तर तो पुरला नाही. आईला ते वडिलांच्या आधी समजलं.

पण विमान नेहमी दोऱ्यावरून जात नाही. त्याला वारा बघावा लागतो आणि देशांची दारंही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्यांचे रस्ते लांबले. इराणच्या बाजूला युद्ध पेटलं की आखातावरून जाणारी विमानं वळसा घेतात. शहरं जागची हलत नाहीत, दोरा तेवढाच राहतो. तरी प्रवास तासा-दोन तासांनी वाढतो, आणि त्याचं कारण जमिनीवरच्या माणसांच्या भांडणात असतं.

आईनं शेवटी विचारलं, "काही झालं तर हा किती तासांत येईल?" अशा वेळी विमानाचा वेळ सांगून मोकळं होता येतं. मी होत नाही. म्हटलं, "तिकीट लगेच मिळालं तर दीड दिवस धरा, वहिनी." त्यांनी मान हलवली. खोट्या दिलाशापेक्षा खरा आकडा आईला जास्त बळ देतो, असं माझं मत आहे.

संध्याकाळी ७.३०

शटर अर्धं खाली. शेजारच्या दुकानातले अण्णा रोजच्यासारखे डोकावले. बोलणं पुरंदरच्या होऊ घातलेल्या विमानतळावर आलं. "तो झाला की आपलं काम सोपं, न्हाई का?" खरं आहे. सासवडजवळ विमानतळ झाला तर साताऱ्याच्या माणसाला पुणे शहर ओलांडावं लागणार नाही. पण ती जमीन पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी या सात गावांची आहे, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी तिच्यासाठी मोठा विरोध केला आहे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, सीताफळाच्या बागा आहेत. आमचा वाचणारा तास कुणाच्या तरी पिढ्यांच्या कसणुकीतून येणार असेल, तर त्याची किंमत त्या माणसांना मान्य होईल अशीच ठरली पाहिजे. माझा धंदा वाढणार असला तरी मी हेच म्हणेन. तिकडच्या एखाद्या घरातलाही मुलगा परदेशी असेल, आणि त्याला परत यायला अंगण राहिलं पाहिजे.

रात्री ९.३०

घरी ताट वाढलेलं असताना फोन. कोरेगावकडच्या एका घरातले आजोबा गेले. मुलगा न्यू जर्सीत. चुलतभाऊ विचारत होता, "ताई, तो किती वाजता पोचेल? थांबायचं का नाही, ते ठरवायचंय."

असं घर विमानाचं अंतर विचारत नाही. मी वही घेतली. इथे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे तिकडे हिवाळ्यात सकाळचे अकरा. पासपोर्ट आणि व्हिसा हाताशी आहे का, हे आधी विचारलं. आहे. संध्याकाळी सहाच्या थेट विमानात एक जागा दिसत होती. तिकडचे सहा म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. पंधरा तास हवेत, उद्या संध्याकाळी साडेसातला मुंबई. हातातल्या बॅगेवरच ये म्हटलं, तरी बाहेर पडायला नऊ. तिथून रात्रीच्या रस्त्यानं साडेपाच तास.

"परवा पहाटे अडीच," मी सांगितलं. "फोन आल्यापासून एकोणतीस तास. त्याच्या आधी नाही. विमानाला उशीर झाला, तर पहाटेचे पाच धरा."

पलीकडे घरातली माणसं बोलत होती. शीतपेटीची व्यवस्था साताऱ्यातून होईल का, तेही मी विचारून ठेवलं. पाच मिनिटांनी चुलतभावाचा आवाज आला, "थांबतो आम्ही. काढा तिकीट." नाव, पासपोर्टचा क्रमांक, पैसे, पीएनआर. मुलाला त्याच्या फोनवर तिकीट गेलं आणि सोबत एकच ओळ: मुंबईत दाराबाहेर गाडी उभी असेल.

रात्री ११.००

मुंबईच्या गाडीवाल्याशी बोलणं झालं. हा चालक खंबाटकी घाट रात्री नीट ओळखतो. घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळं तिथेच थांबतं. म्हणून मी कोरेगावकडच्या एका तरुणालाही उद्या रात्री जागं राहून महामार्गाची खबर देत राहायला सांगितलं आहे.

१२,५४५ किलोमीटरचं अंतर मी एका मीटरनंही कमी करू शकत नाही. वारा माझ्या हातात नाही, देशांची दारं नाहीत. पण या एकोणतीस तासांतले चौदा जमिनीवरचे आहेत: तिकीट मिळवण्याचे, रांगेचे, बॅगेचे, गाडीचे, घाटाचे. आपल्यासारख्या, विमानतळापासून लांब राहणाऱ्या माणसांचं राज्य तेवढंच, आणि त्यात पुष्कळ काही करता येतं. ज्यांच्या घरातलं कुणी लांब आहे त्यांनी पासपोर्टची मुदत आजच बघून ठेवावी, व्हिसाचा कागद कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावं, आणि आपल्या उंबऱ्यापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंतचे तास एकदा शांतपणे मोजून लिहून ठेवावेत. ते काम गडबड नसतानाच करायचं असतं. वेळ येते तेव्हा मोजायला वेळ नसतो.